डावा हात राखून ठेवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मूत्रपिंड निकामी झालं की डायलिसिससाठी मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठायचा, ही कोकणातली परिस्थिती गेल्या काही वर्षांत बदलली आहे. २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे, आणि यंत्रं जिल्ह्याच्या गावाबाहेरही पोहोचली. आपल्या वर्तमानपत्रांत बातम्या येतात त्या यंत्रांच्या: किती आली, किती बंद पडली, पाणी शुद्ध करणारा आरओ कधी बिघडला. रुग्णाच्या अंगातलं रक्त यंत्रापर्यंत ज्या वाटेनं जातं त्या वाटेबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. डायलिसिसचा रुग्ण पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट होतो त्याचं एक मोठं कारण ही वाट असते. आणि ती नीट करायला यंत्रांइतका पैसाही लागत नाही. म्हणून डायलिसिस विभागात काम करणाऱ्या आम्हा तंत्रज्ञ-परिचारिकांचं हे पत्र.

आधी थोडा हिशेब. डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर रक्त लागतं. ३०० च्या वेगानं चार तासांच्या एका पाळीत ७२ लिटर रक्त गाळणीतून फिरतं, म्हणजे अंगातलं पाचएक लिटर रक्त चौदा वेळा बाहेर जाऊन परत येतं. रक्तदान शिबिरात ३५० मिलिलिटरची पिशवी भरायला पाच-सात मिनिटं जातात. यंत्राला तेवढं रक्त मिनिट-सव्वा मिनिटात हवं. हातावरची साधी शीर एवढं देऊच शकत नाही. धमनी देऊ शकेल, पण ती खोल असते आणि तिच्यात आठवड्यातून तीनदा जाड सुया खुपसणं धोक्याचं.

यावरचा तोडगा म्हणजे फिस्टुला. मनगटाजवळची धमनी आणि तिच्या शेजारची शीर छोट्या शस्त्रक्रियेनं एकमेकींना जोडतात. एरवी मिनिटाला जेमतेम २०-३० मिलिलिटर वाहणाऱ्या त्या धमनीतून मग कित्येक पटींनी रक्त शिरेत घुसतं, त्या दाबानं शीर रुंदावते, तिची भिंत जाड होते आणि ती सुई सोसायला तयार होते. ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कहून ही पद्धत १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. साठ वर्षं होत आली, ज्याची शीर चांगली आहे अशा रुग्णासाठी याहून टिकाऊ वाट अजून सापडलेली नाही. बाहेरची वस्तू अंगात राहत नाही म्हणून जंतुसंसर्ग सर्वात कमी, आणि नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं चालतो.

अडचण एकच. फिस्टुला आज केला आणि उद्या वापरला असं होत नाही. तो पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेही किंवा वयस्कर माणसाचा तीन महिनेही घेतो. सहाचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: सहा आठवड्यांनी शीर ६ मिलिमीटर रुंद, कातडीखाली ६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल, आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटर. त्यामुळे डायलिसिस लागेल असं दिसू लागलं की लागण्याच्या कितीतरी आधी हात तयार करायला हवा. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या केडीओक्यूआय या उपक्रमाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतंय ते दाखवणारा आकडा, घसरत घसरत १५ ते २० वर आला की रुग्णाला फिस्टुलासाठी पाठवावं. आता बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या) खालीच हा आकडा छापलेला असतो. तो वाचून पुढची तारीख ठरवणारे मात्र कमी.

आपल्याकडे प्रत्यक्षात होतं ते उलटं. रुग्णाचं क्रिएटिनिन दोन-तीन वर्षं चढत असतं. नातेवाईक म्हणतात, औषधानं उतरेल, झाडपाला करून बघू, मशीनवर एकदा गेला की कायमचा गेला. मग एका रात्री दम लागतो, पायांपासून छातीपर्यंत पाणी भरतं, आणि रुग्ण १०८ मधून आमच्या दारात येतो. तेव्हा हात तयार करायला वेळ नसतो. मानेत किंवा जांघेत तात्पुरती नळी घालावी लागते, तीही बहुतेक मध्यरात्री.

अशी नळी कधी घालूच नये असं आमचं म्हणणं नाही. लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या तापानं किंवा घोणस चावल्यानं अचानक मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसाला हीच नळी जीवदान देते. त्यातल्या अनेकांचं मूत्रपिंड काही आठवड्यांत पुन्हा सुरू होतं, त्यांना फिस्टुलाची घाई करायची गरज नाही. पण ज्याचं मूत्रपिंड परत येणारच नाही, त्याच्यात तात्पुरती नळी दोन आठवड्यांहून जास्त राहू नये. आमच्या भागात ती दोन-दोन महिने राहिलेली दिसते. जांघेतली नळी तर अंथरुणावरच्या रुग्णासाठी आहे, जास्तीत जास्त पाचेक दिवसांसाठी. ती घेऊन रुग्ण एसटीतून घरी जातो, बसला की नळी दुमडते, घामानं ड्रेसिंग सुटतं, आणि जांघेतले जंतू थेट रक्तात पोहोचतात.

नळी कुठल्या शिरेत घालायची हेही महत्त्वाचं. पहिली पसंती मानेची उजवी बाजू, कारण तिथून हृदयापर्यंतचा मार्ग सरळ आहे. गळपट्टीच्या हाडाखालची, म्हणजे सबक्लेव्हियन शीर डायलिसिससाठी टाळलीच पाहिजे. तिथं नळी राहिली की आतून शीर आखडते. आज त्याचं काही जाणवत नाही. पुढे त्याच बाजूच्या हातात फिस्टुला केला की वाढलेलं रक्त परत जायला वाट सापडत नाही, हात खांद्यापर्यंत सुजतो, छातीवर शिरांचं जाळं दिसू लागतं. चांगला झालेला फिस्टुला मग बांधून टाकावा लागतो. डायलिसिस आणखी काही महिने नळीवरच चालणार असेल तर कातडीखालून बोगदा करून घातलेला पर्मकॅथ घ्यावा. त्याच्यावरच्या कफभोवती, म्हणजे छोट्या पट्ट्याभोवती, मांस धरतं, म्हणून जंतूंना आत शिरणं अवघड जातं.

नळी सांभाळायची काही पथ्यं आहेत, त्यात हयगय चालत नाही. टोपणं उघडताना कर्मचारी आणि रुग्ण दोघांच्याही तोंडावर मास्क हवा. टोपणाचा सांधा क्लोरहेक्झिडिन-अल्कोहोल या जंतुनाशकानं निदान १५ सेकंद घासून वाळू द्यायचा. नळी एक क्षणही उघडी ठेवायची नाही, कारण मानेच्या नळीतून हवा आत ओढली जाऊ शकते. आतलं जुनं हेपारिन (रक्त गोठू नये म्हणून नळीत भरून ठेवलेलं औषध) ओढून फेकून दिल्याशिवाय काही आत ढकलायचं नाही. शेवटी हेपारिन भरताना प्रत्येक फाट्यावर छापलेला आकडा वाचायचा, १.३ लिहिलं असेल तर १.३ मिलिलिटर. अंदाजानं जास्त भरलं तर ते अंगात उतरून रक्तस्राव होतो, कमी भरलं तर टोकाशी गुठळी धरते. पारदर्शक ड्रेसिंग आठवड्यानं बदलतात, गॉजचं दर दोन दिवसांनी, आणि भिजलं की त्याच दिवशी. कोकणातला पाऊस आणि मे महिन्यातला घाम बघता हे शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. नळी असेपर्यंत अंघोळ कमरेपर्यंतच, वर ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं. नदी, विहीर, समुद्र बंद. डायलिसिस सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात थंडी वाजून ताप आला तर तो मलेरिया म्हणून सोडून देऊ नका. आधी रक्ताचं कल्चर घ्या, मगच अँटिबायोटिक द्या. क्रम उलटला की जंतू कोणता ते शेवटपर्यंत कळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिलं, त्याकडे येतो. फिस्टुला चांगला होण्यासाठी शीर चांगली असावी लागते, आणि आपण ती शीर आधीच मारून टाकतो. दोष कुणा एकाचा नाही. अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायची आपली सवय, आणि सलाईन लावायची सोयीची जागा म्हणजे डाव्या मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूनं जाणारी ठळक शीर. नेमकी हीच फिस्टुलाची शीर! इंट्राकॅथचं, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवलेल्या नळीचं, प्लास्टिक तिच्या आतल्या अस्तरावर घासतं, त्यातून अँटिबायोटिक जातं, शीर सुजते, गुठळी धरते, आणि पंधरा दिवसांनी हाताला लागते ती सुतळीसारखी कडक दोरी. कोपराच्या खळगीतून पुन्हा पुन्हा रक्त काढलं की दुसरी जागाही जाते. मग सर्जन दोन्ही हात बघतो आणि म्हणतो, इथं काही उरलं नाही.

म्हणून विनंती अशी. ज्याचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, ज्याच्या लघवीतून प्रथिन जातंय, ज्याला बरीच वर्षं मधुमेह आणि बीपी आहे, अशा प्रत्येकाचा कमी वापरातला हात राखून ठेवावा. उजव्या हातानं काम करणाऱ्याचा डावा, डावऱ्याचा उजवा. रक्त काढायचं असो वा सलाईन लावायचं, दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरा वापराव्यात. त्या दुखतात, बारीक असतात, एक-दोनदा चुकतं, हे आम्हाला माहीत आहे. तरीही तिथंच टोचावं. रुग्णानं हे स्वतः सांगायला शिकलं पाहिजे: ‘सिस्टर, हा हात डायलिसिससाठी ठेवलाय, त्या हाताला टोचा.’ प्राथमिक आरोग्य केंद्र, खासगी दवाखाना, लॅब, १०८ ची गाडी, सगळीकडे. केसपेपरवर लाल शाईत ‘डावा हात राखीव’ एवढे तीन शब्द लिहिले तरी पुष्कळ काम होईल.

शस्त्रक्रियेआधी डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करून घ्यावं. दंडाला पट्टा बांधून शीर दोन-अडीच मिलिमीटर भरते का, धमनी दोन मिलिमीटरच्या आसपास आहे का, शीर खांद्यापर्यंत सलग मोकळी आहे का, हे त्यात कळतं. जागा निवडताना खालून वर जायचं: आधी मनगट, ते जमलं नाही तर कोपर. आधीच कोपर वापरलं तर खालची जागा वाया जाते, आणि डायलिसिस वर्षानुवर्षं चालणार असल्यानं प्रत्येक जागा मोलाची. मात्र मधुमेहानं मनगटाची धमनी चुन्यासारखी कडक झाली असेल तर मनगटाचा हट्ट धरण्यातही अर्थ नाही. आणि प्रत्येकाला फिस्टुला झालाच पाहिजे असंही नाही. ज्याचं हृदय फार कमजोर आहे त्याला वाढलेल्या प्रवाहाचा ताण झेपत नाही. अति वृद्ध, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पर्मकॅथच बरा. आडगावातल्या रुग्णासाठी घरच्या घरी पोटातून करायचं डायलिसिसही आहे. त्याचा विचार आपल्याकडे फारच कमी होतो, हे आमचं स्पष्ट मत आहे.

फिस्टुला झाल्यावरचे पहिले दोन आठवडे हात उशीवर उंच ठेवायचा, पट्टी घट्ट बांधायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. जखम भरली की मऊ चेंडू दाबायचा व्यायाम, दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी पाच-दहा मिनिटं. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना दुसऱ्या हाताची बोटं त्यावर ठेवायची. मांजर गुरगुरताना तिच्या अंगावर हात ठेवला तर जशी थरथर लागते, तशी लागली पाहिजे. कानाशी धरलं तर घुंऽऽ असा सलग आवाज येतो. या हातावर बीपी मोजायचा नाही, घड्याळ नाही, घट्ट बांगड्या नाहीत. बायका हिरवा चुडा काढायला तयार होत नाहीत. काढू नका, पण सैल भरा आणि फिस्टुलाच्या जागेवर सरकू देऊ नका. पिशवीचा बंद किंवा छत्रीची मूठ कोपरात अडकवून चालायची सवय मोडावी लागते, पाण्याची कळशी त्या हातानं उचलायची नाही. रापणीचं जाळं ओढताना दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. गवत कापताना उजव्या हातात विळा आणि डाव्या मुठीत गवत असतं. विळा सुटला तर तो फिस्टुलावर येतो. त्यामुळे ते काम दुसऱ्याला द्यावं.

थरथर थांबली तर पुढच्या पाळीची वाट बघायची नाही. त्याच तासाला फोन करायचा. गुठळी काढून फिस्टुला वाचवायची संधी पहिल्या २४ ते ४८ तासांत असते, नंतर गुठळी भिंतीला चिकटते. तेल लावून चोळणं, गरम पाण्यानं शेकणं यात तो वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

फिस्टुला बंद पडण्याचं एक कारण थेट आपल्या ताटात आहे. सुका बांगडा, सोडे, खारवलेली मासळी, लोणचं, पापड. मीठ जास्त गेलं की तहान लागते, दोन पाळ्यांच्या मध्ये चार-चार किलो वजन वाढतं. ते पाणी चार तासांत ओढायला गेलं की बीपी कोसळतो आणि मंदावलेल्या प्रवाहात त्याच रात्री फिस्टुला गोठतो. तासाला किलोमागे १३ मिलिलिटर ही पाणी काढायची मर्यादा धरतात. ५५ किलोच्या माणसाचं चार तासांत २.८ लिटरच्या आसपास. त्याहून जास्त आणलं तर वेळ वाढवावा, वेग नाही. (शहाळं आणि फणस हे वेगळं प्रकरण. त्यातल्या पोटॅशियमनं हृदयच थांबू शकतं. पण तो या पत्राचा विषय नाही.)

आता आमच्या, म्हणजे सुई लावणाऱ्यांच्या बाजूचं. आठवड्याला तीन पाळ्या धरल्या तर वर्षाला १५६ पाळ्या आणि ३१२ टोचे. ते कुठे पडतात यावर फिस्टुलाचं आयुष्य ठरतं. रोज त्याच मऊ जागी टोचलं की रुग्णाला कमी दुखतं आणि आमचं काम लवकर होतं. पण तिथली भिंत चाळणीसारखी होऊन फुगा येतो आणि दोन फुग्यांच्या मधली शीर अरुंद होते. दोराच्या शिडीप्रमाणे दर वेळी जागा अर्धा-एक सेंटिमीटर सरकवत जायला हवं. त्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर हाताचं चित्र काढून रोजच्या सुयांच्या जागा मांडाव्यात. पाच पैशांचा खर्च नाही, तरी हे होत नाही.

रुग्णानं खुर्चीवर बसण्याआधी हात साबणानं धुवावा. आम्ही क्लोरहेक्झिडिन लावून पूर्ण वाळू द्यावं, ओल्यावर टोचलं तर जंतू मरायच्या आधीच सुई आत जाते. पट्टा बांधूनच टोचावं, सुमारे २५ अंशांत. रक्त आणणारी सुई जोडापासून (जिथं धमनी आणि शीर जोडली त्या जागेपासून) निदान तीन-चार सेंटिमीटर दूर. रक्त परत देणारी सुई नेहमी हृदयाच्या दिशेनं, आणि दोन्ही टोकांत पाच सेंटिमीटर अंतर. ते कमी पडलं की धुतलेलं रक्तच पुन्हा यंत्रात ओढलं जातं, रुग्ण चार तास बसतो आणि रक्त मात्र साफ होत नाही. नव्या फिस्टुलाला पहिले काही दिवस १७ गेजची बारीक सुई आणि २०० ते २५० चाच वेग. नळी अजून आत असेल तर एक सुई फिस्टुलात आणि परतीचा मार्ग नळीतून, असं सुरू करावं. पहिली सुई युनिटमधल्या सर्वात अनुभवी हातानं लावावी, शिकाऊ मुलानं नव्हे. भिंत फाटून हात निळा-काळा सुजला तर बर्फ लावून फिस्टुलाला विश्रांती द्यावी, लगेच शेजारी दुसरी सुई खुपसू नये. काढताना सुई पूर्ण बाहेर आल्यावरच दाब द्यायचा. आत असताना दाबलं तर तिची धार शिरेला कापते. दोन बोटांनी दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही.

फिस्टुला एका दिवसात बंद पडला असं लोक म्हणतात. खरं तर बहुतेक वेळा तो आठवडेच्या आठवडे सांगत असतो. पूर्वी दहा मिनिटांत थांबणारं रक्त वीस-पंचवीस मिनिटं घेतं. त्याच वेगाला परतीचा दाब, म्हणजे रक्त अंगात परत जातानाचा दाब, पाळीगणिक चढत जातो. यंत्रानं रक्त ओढतानाचा दाब उणे २५० च्या पलीकडे जाऊन यंत्र सारखं ओरडतं. थरथरीच्या जागी नाडीसारखे ठोके लागतात. साधी तपासणी अशी: हात डोक्याच्या वर उचलला की चांगला फिस्टुला रिकामा होऊन चपटा पडतो. एखादा भाग तसाच फुगलेला राहिला तर त्याच्या पुढे हृदयाच्या बाजूला अडथळा आहे. आणि जोडाच्या थोडं पुढे बोटानं दाबून धरलं की मागे जोरदार ठोका लागला पाहिजे; लागला नाही तर रक्त येण्याच्या बाजूलाच अडचण. अर्ध्या मिनिटाचं हे काम प्रत्येक पाळीआधी व्हायला हवं. वेळेत कळलं तर शिरेत नळीवरचा बारीक फुगा नेऊन, तो फुगवून शीर रुंद करता येते आणि तोच फिस्टुला चालू राहतो.

दोन गोष्टी मात्र थांबू देत नाहीत. डायलिसिस चालू असताना बोटं गार, पांढरी पडून दुखत असतील किंवा टोकं काळी पडत असतील, तर फिस्टुला पंजाचं रक्त पळवतोय. कोपराच्या फिस्टुलात आणि मधुमेहींत हे जास्त दिसतं. दुसरी, फुग्यावरचं कातडं पातळ चकचकीत झालं असेल, खपली सुटून रक्त झिरपत असेल, तर तो कधीही फुटू शकतो. फुटला तर ओढणी, टॉवेल गुंडाळत बसू नका, आत रक्त वाहतच राहतं. नेमक्या छिद्रावर बोटानं, किंवा पाण्याच्या बाटलीचं झाकण पालथं ठेवून, जोरात दाबा, हात उंच धरा, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत दाब सोडू नका. हे घरातल्या निदान दोघांना आलं पाहिजे.

शासनाकडे आमचं मागणं मोठं नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं महिन्यातला एक दिवस फिस्टुलासाठी ठरवून द्यावा. शस्त्रक्रिया जागेवर भूल देऊन होते, दीड-दोन तास लागतात, रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. ६-० किंवा ७-० मापाचा बारीक पॉलिप्रोपिलिन धागा, बारीक क्लॅम्प, सर्जनच्या डोळ्यांवरचं भिंग, हेपारिनचं सलाईन आणि डॉपलर, एवढं लागतं. कॅथलॅब लागत नाही. रक्तवाहिन्यांचा सर्जन बाहेरून बोलवावा लागला तरी चालेल, आणि त्याच्या हाताखाली इथले जनरल सर्जन तयार व्हावेत. आज रुग्णाला तारखेसाठी घाटावर दोन-तीन खेपा घालाव्या लागतात, प्रत्येक खेपेला एक पाळी बुडते, आणि तिसऱ्या खेपेला तो जातच नाही. मग नळी तशीच राहते. दुसरं मागणं, प्रत्येक केंद्रानं महिन्याच्या अखेरीस किती रुग्ण फिस्टुलावर, किती नळीवर, आणि नळीवरचे किती दिवसांपासून, हे फळ्यावर लिहावं. किती पाळ्या झाल्या एवढंच आज मोजलं जातं.

आणि तिसरं, खास कोकणासाठी. जुलैत दरड कोसळून आंबा घाट, करूळ घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा रस्ते, वीज, फोन सगळंच तुटलं. गोठलेला फिस्टुला ४८ तासांत वर पोहोचवणं तेव्हा अशक्य असतं. म्हणून आगोटीची जशी घराघरांत बेगमी होते, तशी मे महिन्यात प्रत्येक रुग्णाच्या फिस्टुलाची एकदा डॉपलरवर तपासणी व्हावी. जो संशयास्पद वाटेल त्याला पावसाआधीच पाठवावं.

ता. क. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून गावी येणारे डायलिसिसचे चाकरमानीही असतात. इथल्या केंद्रात पाळी मिळाली तरी त्यांचा हात आम्हाला अनोळखी असतो आणि पहिलीच सुई चुकते. येताना आपल्या युनिटकडून एका कागदावर लिहून आणावं: जोड कुठे आहे, रक्त कोणत्या दिशेनं वाहतं, सुई किती गेजची, पंपाचा वेग किती, परतीचा दाब एरवी किती असतो, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) किती, हेपारिन किती. सोबत दोन्ही सुया लावलेल्या हाताचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा.

आपले,
डायलिसिस विभागात काम करणारे तंत्रज्ञ व परिचारिका
रत्नागिरी